कळ एक, आज्ञा दोन : कोड एडिटर व डेस्कटॉप प्रणाली यांच्यातील शॉर्टकट-संघर्षाचे स्वरूप, कारणे आणि उपाय

सारांश :

आज्ञावली लिहिणाऱ्या व्यक्तीचा बहुतांश वेळ कोड एडिटरमध्ये जातो आणि त्यातील बहुतेक कामे ती कळफलकावरील शॉर्टकट वापरून करते. मात्र त्याच कळफलकावर डेस्कटॉप प्रणालीनेही आपला अधिकार आधीच सांगितलेला असतो. परिणामी एकाच कळसमूहावर दोन आज्ञावलींचा दावा निर्माण होतो व वापरकर्त्याला अपेक्षित नसलेली कृती घडते. प्रस्तुत लेखात या संघर्षाची ऐतिहासिक पार्श्वभूमी, त्यामागील तांत्रिक यंत्रणा, लिनक्स व विंडोज या प्रणालींवरील ठळक उदाहरणे, देवनागरी लेखनामुळे त्यात पडणारी भर आणि निदान व उपायांच्या दिशा यांचा परामर्श घेतला आहे.

बीजशब्द : कळफलक, शॉर्टकट, कोड एडिटर, डेस्कटॉप प्रणाली, एक्स विंडो, वेलँड, इनस्क्रिप्ट.

१. प्रस्तावना :

संगणकाच्या प्रयोगशाळेतील एक प्रसंग कल्पावा. प्रात्यक्षिक परीक्षा सुरू आहे. एका विद्यार्थ्याने जावा भाषेतील आज्ञावली जवळजवळ पूर्ण केली आहे. परीक्षकांना दाखवण्यापूर्वी ती नीटनेटकी मांडावी म्हणून तो पाठ्यपुस्तकात दिल्याप्रमाणे कंट्रोल, आल्ट आणि एल या तीन कळा एकत्र दाबतो. ओळी सरळ होण्याऐवजी पडदा काळा होतो आणि परवलीचा शब्द मागितला जातो. खाते प्रयोगशाळेचे आहे. परवलीचा शब्द केवळ प्रयोगशाळा साहाय्यकास ठाऊक आहे. घाबरलेला विद्यार्थी संगणकाचे बटण दाबून तो बंद करतो आणि न साठवलेले काम नाहीसे होते.

या प्रसंगात विद्यार्थ्याची चूक नाही, एडिटरमध्ये दोष नाही आणि डेस्कटॉप प्रणालीही तिला नेमून दिलेलेच काम करीत आहे. इंटेलिजे आयडिया या एडिटरमध्ये त्या तीन कळांचा अर्थ ‘आज्ञावलीची मांडणी सुधारा’ असा आहे. लिनक्सवरील सिनॅमन व एक्सएफसीई या डेस्कटॉपवर त्याच कळांचा अर्थ ‘पडदा कुलूपबंद करा’ असा आहे. दोन्ही अर्थ आपापल्या जागी योग्य आहेत. प्रश्न आहे तो अधिकारक्षेत्राचा. दोन आज्ञावली एकाच कळसमूहावर हक्क सांगतात तेव्हा निर्णय कोणी द्यावयाचा, हाच या विषयाचा गाभा होय.

२. लेखाची उद्दिष्टे :

१) शॉर्टकट-संघर्ष कसा उद्भवला हे ऐतिहासिक क्रमाने स्पष्ट करणे.
२) कळ दाबल्यापासून आज्ञा अमलात येईपर्यंतचा प्रवास समजावून देणे.
३) प्रत्यक्ष वापरात आढळणारी उदाहरणे व त्यांची कारणे मांडणे.
४) देवनागरी कळफलक वापरणाऱ्यांपुढील विशेष अडचणींचा विचार करणे.
५) निदानाची व निराकरणाची पद्धत सुचविणे.

३. संज्ञांचे स्पष्टीकरण :

आज्ञावलीचा मजकूर लिहिणे, तपासणे व सुधारणे यांसाठी असलेल्या साधनास येथे कोड एडिटर म्हटले आहे. इमॅक्स, व्हिम, एक्लिप्स, इंटेलिजे आयडिया, व्हिज्युअल स्टुडिओ कोड ही त्याची परिचित उदाहरणे होत. खिडक्यांची मांडणी, कार्यपट्टी, कार्यक्षेत्रांमधील ये-जा, पडदा कुलूपबंद करणे इत्यादी कामे सांभाळणाऱ्या आज्ञावलींच्या समूहास डेस्कटॉप प्रणाली म्हटले आहे. लिनक्सवरील ग्नोम, केडीई, सिनॅमन, एक्सएफसीई ही तिची उदाहरणे आहेत. कंट्रोल, आल्ट, शिफ्ट आणि विंडोजचे चिन्ह असलेली कळ या चार कळांना साहाय्यक कळा असे संबोधले आहे, कारण त्या एरवी स्वतः काही न लिहिता दुसऱ्या कळीचा अर्थ बदलतात. लिनक्सच्या परिभाषेत चिन्हांकित कळीला सुपर कळ असे नाव आहे.

४. ऐतिहासिक पार्श्वभूमी :

हा संघर्ष डेस्कटॉपपेक्षाही जुना आहे. टर्मिनलच्या काळात कंट्रोल कळीसह अक्षर दाबले असता १ ते २६ या दरम्यानचा एक संकेतांक संगणकाकडे जात असे. त्यांपैकी कंट्रोल + एस म्हणजे १९ हा संकेतांक ‘पाठवणे थांबवा’ आणि कंट्रोल + क्यू म्हणजे १७ हा संकेतांक ‘पुन्हा सुरू करा’ या अर्थाने राखून ठेवलेला होता. १९७६ मध्ये उदयास आलेल्या इमॅक्सने मात्र कंट्रोल + एस ही कळजोडी शोध घेण्यासाठी निवडली. परिणामी काही टर्मिनलांवर शोध घेऊ पाहणाऱ्या व्यक्तीचा पडदाच गोठून जात असे. ही अडचण इतकी परिचित होती की जीएनयू इमॅक्समध्ये तिच्यासाठी स्वतंत्र सोय करावी लागली. आजही टर्मिनलच्या खिडकीत चुकून कंट्रोल + एस दाबले गेले की नवखा वापरकर्ता गोंधळतो, तो याच वारशामुळे.

त्याच सुमारास, १९७६ मध्येच, बिल जॉय यांनी तयार केलेल्या व्हीआय या एडिटरने निराळा मार्ग स्वीकारला. त्यात लेखनाची अवस्था आणि आज्ञेची अवस्था या दोन वेगळ्या ठेवल्या गेल्या. आज्ञेच्या अवस्थेत साधे अक्षर हीच आज्ञा असते, त्यामुळे साहाय्यक कळांची गरज फारशी पडत नाही. पुढे डेस्कटॉप प्रणालींनी साहाय्यक कळांवर कब्जा केला तेव्हा या परंपरेतील एडिटरांना त्याची झळ सर्वांत कमी पोहोचली.

१९८४ मध्ये आलेल्या मॅकिंटॉशने कमांड ही कळ मेनूतील आज्ञांसाठी वापरली. कंट्रोल कळ पुढे मॅकवर आली तेव्हाही ही वाटणी टिकली. म्हणूनच मॅकच्या टर्मिनलमध्ये कमांड + सी म्हणजे नक्कल करणे आणि कंट्रोल + सी म्हणजे चालू काम थांबवणे, असे दोन्ही अर्थ शांततेने नांदतात. विंडोज व लिनक्सवर ही दोन्ही कामे कंट्रोलकडेच आल्याने लिनक्सच्या टर्मिनलमध्ये नक्कल करण्यासाठी कंट्रोल + शिफ्ट + सी अशी तडजोड करावी लागली.

१९८७ मध्ये आयबीएमने ‘कॉमन यूझर ॲक्सेस’ या नावाने वापरकर्त्यासमोरील मांडणीचे समान नियम मांडले. मदतीसाठी एफ १, खिडकी बंद करण्यासाठी आल्ट + एफ ४ यांसारख्या प्रघातांना त्यातून स्थैर्य लाभले. पुढे १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘नॅचरल’ कळफलकावर विंडोजचे चिन्ह असलेली कळ आली. डेस्कटॉपसाठी स्वतंत्र कळ असावी हा विचार येथे प्रत्यक्षात उतरला. परंतु तोवर आल्ट आणि कंट्रोल + आल्ट या प्रदेशांत डेस्कटॉप प्रणालींनी आपले बस्तान बसविले होते. नवी कळ आली तरी जुने हक्क लगेच सुटले नाहीत. आजच्या संघर्षाचे मूळ या उशिरात आहे.

५. कळ दाबल्यापासून आज्ञा घडेपर्यंत :

संघर्षात एडिटर बहुधा का हरतो, हे समजण्यासाठी कळीच्या संदेशाचा मार्ग पाहणे आवश्यक आहे.

५.१ एक्स विंडो प्रणाली : लिनक्सवर दीर्घकाळ प्रचलित असलेल्या एक्स विंडो प्रणालीची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. या रचनेत खिडक्यांची व्यवस्था पाहणारी आज्ञावलीही इतर आज्ञावलींसारखीच एक ग्राहक असते. ती सर्वांत मूळच्या, म्हणजे संपूर्ण पडदा व्यापणाऱ्या खिडकीवर विशिष्ट कळसमूहाची ‘पकड’ नोंदवते. त्यानंतर तो कळसमूह कोणत्याही खिडकीत दाबला गेला तरी संदेश पकड नोंदवणाऱ्याकडेच जातो. एडिटरला ती कळ दाबली गेल्याचे कळतच नाही. त्यामुळे त्याने इशारा द्यावा ही अपेक्षाही फोल ठरते.

एकच कळसमूह एकाच खिडकीवर दोन आज्ञावलींना पकडता येत नाही. दुसऱ्याने प्रयत्न केल्यास त्याला नकार मिळतो. म्हणजे येथे ‘आधी येईल त्याचा हक्क’ हे तत्त्व लागू होते. शिवाय पकड नोंदवताना साहाय्यक कळांची नेमकी स्थिती द्यावी लागते आणि नम लॉक व कॅप्स लॉक यांचाही त्या स्थितीत समावेश होतो. एखाद्या आज्ञावलीने याची दखल घेतली नसेल तर नम लॉक सुरू असताना तिची पकड लागू होत नाही. ‘हा शॉर्टकट कधी चालतो, कधी चालत नाही’ अशा काही तक्रारींमागे हे कारण असते.

५.२ वेलँड : २००८ मध्ये क्रिस्तियन होग्सबर्ग यांनी आरंभिलेल्या वेलँड या नव्या रचनेत चित्र उलगडले. २०१६ मधील फेडोरा २५ या आवृत्तीने ग्नोमसाठी तिचा मूलनिवड म्हणून स्वीकार केला. येथे पडद्याची जुळणी करणारा संयोजक हाच कळफलकाचा पहिला धनी असतो. प्रत्येक संदेश प्रथम त्याच्याकडे येतो. त्याला नको असलेला संदेशच पुढे, लक्ष केंद्रित असलेल्या खिडकीकडे जातो. एक्समध्ये कोणतीही आज्ञावली इतरांच्या कळा चोरून ऐकू शकत असे. वेलँडने ही वाट बंद केली. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे स्वागतार्ह असले तरी डेस्कटॉपचा अधिकार त्यामुळे अधिकच पक्का झाला. दूरस्थ संगणक किंवा आभासी संगणक चालवणाऱ्या आज्ञावलींना डेस्कटॉपचे शॉर्टकट तात्पुरते स्थगित ठेवण्याची विनंती करण्याची सोय मात्र ठेवलेली आहे. ती मान्य करावी की नाही, हे संयोजक ठरवतो.

५.३ विंडोज : विंडोजमध्ये आज्ञावलीला सर्वव्यापी शॉर्टकटची नोंदणी करता येते. तो कळसमूह आधीच नोंदला गेला असेल तर नवी नोंदणी अयशस्वी होते. त्यामुळे पार्श्वभूमीवर चालणाऱ्या एखाद्या क्षुल्लक साधनाने आधी नोंद केल्यास एडिटरचा शॉर्टकट मूक होतो. विंडोज कळीचा समावेश असलेले शॉर्टकट कार्यप्रणालीसाठी राखीव आहेत, असे मायक्रोसॉफ्टच्या तांत्रिक मार्गदर्शनात स्पष्ट केलेले आहे.

डेस्कटॉपचे हे वर्चस्व सर्वस्वी मनमानी नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. १९९३ मधील विंडोज एनटीने प्रवेशाच्या वेळी कंट्रोल + आल्ट + डिलीट दाबणे आवश्यक केले, ते कोणतीही सामान्य आज्ञावली हा कळसमूह अडवू शकत नाही म्हणूनच. खोटा प्रवेश-पडदा दाखवून परवलीचा शब्द लुबाडण्याचा मार्ग त्यामुळे बंद होतो. पडदा कुलूपबंद करण्याची आज्ञा कोणत्याही खिडकीतून चालली पाहिजे, याचेही समर्थन असेच करता येते. म्हणजे डेस्कटॉपने काही कळा राखणे गरजेचे आहे. वाद आहे तो त्यांची संख्या व निवड यांविषयी.

६. संघर्षाची ठळक उदाहरणे :

प्रत्यक्ष वापरात वारंवार भेटणारी काही उदाहरणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

अ) आल्ट + एफ ७ आणि आल्ट + एफ ८ : इंटेलिजे आयडियामध्ये पहिली कळजोडी एखाद्या नावाचा वापर कोठे कोठे झाला आहे हे शोधते, तर दुसरी दोषशोधनाच्या वेळी पदावलीचे मूल्य काढून दाखवते. ग्नोममध्ये याच कळा अनुक्रमे खिडकी हलवणे व तिचा आकार बदलणे यांसाठी दीर्घकाळ ठरलेल्या आहेत. वापरकर्ता उत्तराची वाट पाहतो आणि खिडकी माऊससोबत सरकू लागते.

आ) कंट्रोल + आल्ट + टी : इंटेलिजेत निवडलेल्या ओळींभोवती अट किंवा आवर्तन गुंडाळण्यासाठी हा कळसमूह आहे. उबुंटूमध्ये तो नवे टर्मिनल उघडतो.

इ) कंट्रोल + आल्ट + वर व खाली बाण : एक्लिप्समध्ये या कळा चालू ओळीची नक्कल करतात. विंडोजवरील व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये त्या वरच्या किंवा खालच्या ओळीत आणखी एक लेखनबिंदू उभा करतात. उभ्या कार्यक्षेत्रांच्या काळात ग्नोममध्ये त्या कार्यक्षेत्र बदलत असत. विंडोजवर इंटेलच्या ग्राफिक्स चालक-आज्ञावलीच्या अनेक आवृत्त्यांमध्ये कंट्रोल + आल्ट + बाण यांचा अर्थ पडदा फिरवणे असा होता. ओळीची नक्कल करू गेलेल्या नवख्यापुढे संपूर्ण पडदा उलटा उभा राही.

ई) व्हिज्युअल स्टुडिओ कोडची तडजोड : विंडोजवर ओळीची नक्कल करण्यासाठी शिफ्ट + आल्ट + बाण आणि जादा लेखनबिंदूसाठी कंट्रोल + आल्ट + बाण असे संकेत आहेत. लिनक्सवर डेस्कटॉपशी टक्कर नको म्हणून जादा लेखनबिंदू शिफ्ट + आल्ट + बाणावर नेला गेला आणि ओळीची नक्कल चार कळांच्या कंट्रोल + शिफ्ट + आल्ट + बाण या समूहावर गेली. तथापि जुन्या ग्नोममध्ये हाच चार कळांचा समूह खिडकी दुसऱ्या कार्यक्षेत्रात हलवीत असे. एका संघर्षातून सुटण्यासाठी केलेली योजना दुसऱ्यात अडकली. २०२१ मधील ग्नोम ४० मध्ये कार्यक्षेत्रे आडवी झाली आणि या कथेचे संदर्भ पुन्हा बदलले.

उ) आल्ट दाबून टिचकी : संघर्ष केवळ कळींपुरता नाही. व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये आल्ट दाबून टिचकी मारल्यास नवा लेखनबिंदू तयार होतो. एक्सएफसीईमध्ये आल्ट दाबून ओढल्यास खिडकी हलते. यासाठी एडिटरमध्ये आल्टऐवजी कंट्रोल वापरण्याचा पर्याय दिलेला आहे.

ऊ) कंट्रोल + आल्ट + बॅकस्पेस : एक्स प्रणालीत हा कळसमूह संपूर्ण सत्रच समाप्त करीत असे, अर्थात न साठवलेल्या कामासह. इमॅक्समध्ये कंट्रोल व आल्ट यांचे समूह सर्रास वापरले जात असल्याने बोट किंचित सरकले तरी दिवसभराचे काम जाण्याचा धोका होता. २००९ मधील उबुंटू ९.०४ पासून ही सोय मूळ स्थितीत बंद ठेवण्यात आली.

या उदाहरणांतून एक सूत्र हाती लागते. संघर्षाची दाटी कंट्रोल + आल्ट आणि आल्ट + कार्य-कळ या दोन प्रदेशांत सर्वाधिक आहे. चार साहाय्यक कळांच्या एकूण १६ स्थिती होतात. त्यांपैकी काहीही न दाबणे आणि केवळ शिफ्ट दाबणे या दोन स्थिती लेखनासाठी लागतात. उरलेल्या १४ स्थितींना इंग्रजीच्या २६ अक्षरांनी गुणल्यास ३६४ जागा मिळतात. कागदावर ही संख्या पुरेशी भासते. परंतु तीन-चार साहाय्यक कळा एकदम दाबणे बोटांना त्रासदायक असते आणि एडिटरमधील आज्ञा शेकड्यांनी असतात. सोयीच्या जागा थोड्या व मागणी अधिक, म्हणून सर्वांचे पाय एकाच वाटेवर पडतात.

७. देवनागरी लेखन आणि शॉर्टकट :

मराठीतून लिहिणाऱ्या व त्याच वेळी आज्ञावलीही लिहिणाऱ्या व्यक्तीला या संघर्षाचे आणखी तीन पदर अनुभवास येतात.

पहिला पदर भाषा बदलण्याच्या कळीचा. स्किम या लेखन-साधनात व आयबसच्या जुन्या आवृत्त्यांत भाषा बदलण्यासाठी कंट्रोल + स्पेस ही कळजोडी ठरलेली होती. तीच कळजोडी एक्लिप्स व अन्य अनेक एडिटरांत अपुरे नाव पूर्ण करण्यासाठी आणि इमॅक्समध्ये मजकुराच्या निवडीचा आरंभ ठरवण्यासाठी आहे. आयबसने पुढे सुपर + स्पेस स्वीकारल्याने हा ताण हलका झाला. आल्ट + शिफ्टने भाषा बदलण्याची सवय असलेल्यांची अडचण मात्र निराळी आहे. विंडोजमध्ये या दोन कळा सोडल्यावर भाषा बदलते, त्यामुळे मध्ये तिसरी कळ दाबून शॉर्टकट पूर्ण करता येतो. एक्स प्रणालीत ही अदलाबदल दुसरी कळ दाबताक्षणीच होते आणि शिफ्ट + आल्टने सुरू होणारे एडिटरचे शॉर्टकट निकामी ठरतात.

दुसरा पदर अक्षराच्या ओळखीचा. इनस्क्रिप्ट या भारतीय मानक मांडणीत इंग्रजी सी या कळीवर ‘म’ आणि जे या कळीवर ‘र’ आहे. देवनागरी सुरू असताना कंट्रोलसह सी दाबल्यास एक्स प्रणालीकडून ‘कंट्रोल + म’ असा संदेश येतो. अनेक साधनसंच अशा वेळी त्याच कळीचे इंग्रजी अक्षर शोधून नक्कल करण्याची आज्ञा पाळतात. इमॅक्सला मात्र ‘कंट्रोल + म’ ही आज्ञा अपरिचित वाटते. व्हिमच्या आज्ञा-अवस्थेत खाली जाण्यासाठी जे दाबले असता ‘र’ पोहोचतो आणि लेखनबिंदू जागचा हलत नाही. विंडोजमध्ये प्रत्येक कळीला अक्षराव्यतिरिक्त स्वतंत्र क्रमांक असल्याने ही अडचण सहसा भासत नाही. इमॅक्सने यावर उत्तम तोडगा काढला आहे. त्याच्या आतच देवनागरी इनस्क्रिप्टची सोय असून ती कंट्रोल + उलटी तिरपी रेघ या कळांनी सुरू-बंद होते. ती सुरू असतानाही आज्ञांच्या कळा इंग्रजीच राहतात.

तिसरा पदर उजव्या आल्टचा. विंडोजमध्ये उजवी आल्ट कळ अनेक मांडण्यांत कंट्रोल + आल्ट यांच्या समान मानली जाते. भारतीय इंग्रजी मांडणीत उजवी आल्ट व ४ दाबून रुपयाचे चिन्ह उमटते. ते चिन्ह २०१० मध्ये स्वीकारले गेले. एखाद्या एडिटरने कंट्रोल + आल्ट + ४ हा शॉर्टकट स्वतःसाठी घेतला तर रुपयाचे चिन्ह लिहिणेच अशक्य होते. याच कारणास्तव विंडोजवरील आज्ञावलींनी कंट्रोल + आल्ट + अक्षर हे समूह शक्यतो टाळावेत.

८. दृष्टिहीन वापरकर्ते :

डोळस व्यक्तीला शॉर्टकट न चालल्यास माऊसचा आधार असतो. दृष्टिहीन प्रोग्रॅमरला तो नसतो. शिवाय एडिटर व डेस्कटॉप यांच्या जोडीला पडदा वाचून दाखवणारी तिसरी आज्ञावलीही कळफलकावर दावा सांगते. २००६ मध्ये सुरू झालेली विंडोजवरील एनव्हीडीए आणि लिनक्सवरील ओर्का या आज्ञावली इन्सर्ट किंवा कॅप्स लॉक या कळीला आपली साहाय्यक कळ मानतात. या कळी इतरांच्या वाट्याला फारशा गेलेल्या नसल्याने ही निवड दूरदृष्टीची ठरते. त्याहून महत्त्वाची आहे ती ‘पुढील कळ पुढे जाऊ द्या’ ही सोय. एनव्हीडीएमध्ये तिच्या साहाय्यक कळीसह एफ २ आणि ओर्कामध्ये साहाय्यक कळीसह बॅकस्पेस दाबले असता त्यानंतरचा कळसमूह न अडवता एडिटरकडे जातो. आपला हक्क एका क्षणापुरता सोडण्याचा हा संकेत डेस्कटॉप प्रणालींनीही अनुसरावा इतका मोलाचा आहे.

९. संघर्षाचे निदान :

उपाय योजण्यापूर्वी कळ कोठे अडली हे जाणणे आवश्यक ठरते. त्यासाठी पुढील क्रम उपयुक्त आहे.

प्रथम, कळ दाबल्यावर दुसरीच कृती घडते की काहीच घडत नाही, हे पाहावे. दुसरी कृती घडत असल्यास दावेदार सहज ओळखता येतो. काहीच घडत नसल्यास देवनागरी मांडणी सुरू आहे काय आणि नम लॉकची स्थिती काय आहे, हे तपासावे.

दुसऱ्या टप्प्यात कळीचा संदेश खिडकीपर्यंत पोहोचतो का, ते पाहावे. एक्स प्रणालीत एक्सईव्ही आणि वेलँडवर डब्ल्यूईव्ही ही छोटी साधने दाबलेल्या प्रत्येक कळीची नोंद दाखवतात. एक्सईव्हीमध्ये कळ दाबल्याच्या नोंदीऐवजी पकडीमुळे लक्ष हटल्याची नोंद दिसली, तर ती कळ डेस्कटॉपने किंवा अन्य आज्ञावलीने पकडली आहे असे समजावे.

तिसऱ्या टप्प्यात, संदेश पोहोचत असूनही आज्ञा घडत नसेल तर दोष एडिटरच्या आत शोधावा. इमॅक्समध्ये कंट्रोल + एच व त्यानंतर के दाबून कोणतीही कळ कोणत्या आज्ञेशी जोडली आहे हे विचारता येते. व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्येही शॉर्टकटची तपासणी करणारी नोंद सुरू करण्याची आज्ञा आहे. अशा वेळी बहुधा दोन विस्तारकांनी एकच कळसमूह घेतलेला आढळतो.

१०. उपाययोजना :

माघार एडिटरने घ्यावी की डेस्कटॉपने, या प्रश्नाचे एकच उत्तर नाही. जी व्यक्ती अनेक संगणकांवर काम करते, तिने एडिटरचे शॉर्टकट बदलणे श्रेयस्कर, कारण एडिटरची जुळवणी एका फाईलमधून सोबत नेता येते, डेस्कटॉपची जुळवणी तितक्या सहज नेता येत नाही. जी व्यक्ती एकाच संगणकावर काम करते आणि पुस्तकांतील मूळ शॉर्टकट शिकू पाहते, तिने डेस्कटॉपचे न वापरले जाणारे शॉर्टकट काढून टाकावेत. खिडकी हलवण्यासाठी आल्ट + एफ ७ वापरणारे विरळाच आढळतात. तो रद्द केल्याने गमावण्यासारखे फारसे काही नसते.

इंटेलिजे आयडियामध्ये ग्नोम व केडीई यांसाठी स्वतंत्र कळयोजना तयार स्वरूपात उपलब्ध आहेत. प्रत्येक शॉर्टकट हाताने बदलण्यापूर्वी त्या निवडून पाहाव्यात.

टप्प्याटप्प्याने दाबावयाच्या कळांची पद्धतही उपकारक ठरते. इमॅक्समध्ये कंट्रोल + एक्सनंतर आणि व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये कंट्रोल + केनंतर दुसरी कळ दाबून अनेक आज्ञा देता येतात. येथे डेस्कटॉपकडून एकच आरंभिक कळजोडी मोकळी मिळाली की तिच्यामागे आज्ञांचे संपूर्ण घराणे उभे करता येते.

याखेरीज नावाने आज्ञा शोधण्याची सोय हा हुकमी आधार होय. व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये कंट्रोल + शिफ्ट + पी आणि इंटेलिजेमध्ये कंट्रोल + शिफ्ट + ए दाबून आज्ञेचे नाव लिहिले असता ती अमलात येते. शेकडो शॉर्टकट अडले तरी ही एक वाट मोकळी असल्यास काम थांबत नाही. प्रास्ताविकातील विद्यार्थ्याला एवढी एकच कळजोडी ठाऊक असती तरी त्याचे काम वाचले असते.

महाविद्यालयीन प्रयोगशाळांनी या संदर्भात तीन गोष्टी कराव्यात असे सुचवावेसे वाटते. सर्व संगणकांवर डेस्कटॉपची जुळवणी समान ठेवावी व सामायिक खात्यावरील पडदा कुलूपबंद करण्याचा शॉर्टकट काढून टाकावा. अभ्यासक्रमातील एडिटर व प्रयोगशाळेतील डेस्कटॉप यांच्यात टक्कर होणाऱ्या कळांचा एक पानी तक्ता प्रत्येक संगणकाजवळ लावावा. एडिटरमध्ये आपोआप साठवण्याची सोय सुरू ठेवावी. या तिन्ही गोष्टींना कोणताही खर्च येत नाही.

११. निष्कर्ष :

१) शॉर्टकट-संघर्ष हा कोणत्याही एका आज्ञावलीतील दोष नसून स्वतंत्रपणे वाढलेल्या दोन परंपरा एकाच कळफलकावर येण्याचा परिणाम आहे.
२) एक्स, वेलँड व विंडोज या तिन्ही रचनांत डेस्कटॉपचा वा आधी नोंद करणाऱ्याचा दावा बळकट ठरतो आणि हरलेल्या एडिटरला आपण हरल्याचे बहुधा कळतही नाही.
३) सुपर कळ डेस्कटॉपची आणि कंट्रोल कळ आज्ञावलीची, ही वाटणी सर्वांनी पाळल्यास बहुतांश संघर्ष टळू शकतात. अलीकडील डेस्कटॉप प्रणालींचा कल याच दिशेने आहे.
४) देवनागरी लेखनात भाषा बदलण्याची कळ, अक्षराची ओळख आणि उजवी आल्ट हे तीन अतिरिक्त घटक विचारात घ्यावे लागतात.
५) निदान क्रमाने केल्यास उपाय सोपा असतो. अंदाजाने केल्यास एका संघर्षातून दुसरा जन्म घेतो.

१२. समारोप :

शिकणारा मनुष्य यंत्राच्या अनपेक्षित वागण्याचा दोष बहुधा स्वतःकडे घेतो. ‘आपल्याला जमत नाही’ हा समज अशाच लहानसहान प्रसंगांतून रुजतो व पुढे विषयाविषयीच अढी निर्माण करतो. दाबलेली कळ आपल्या एडिटरपर्यंत पोहोचलीच नव्हती, एवढे ज्ञानही ही अढी दूर करण्यास पुरेसे आहे. म्हणून आज्ञावली-लेखनाच्या पहिल्या काही तासांतच कळीचा हा प्रवास विद्यार्थ्यांना समजावून दिला गेला पाहिजे. त्यासाठी स्वतंत्र प्रकरणाची गरज नाही. फळ्यावर काढलेली एक आकृती व प्रयोगशाळेतील दहा मिनिटे त्यास पुरेशी आहेत.